रात्र कुठे काढायची?

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात, उळवीच्या दाट रानात एक गुहा आहे. तिचं नाव महामने. कन्नडमध्ये महामने म्हणजे थोरलं घर. रानातल्या गुहेला हे नाव का पडलं, हे कळण्यासाठी बाराव्या शतकातल्या कल्याण नगरीत जावं लागतं. आज तिला आपण बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणतो. कलचुरी राजा बिज्जळाचे मंत्री बसवण्णा तिथे राहत, आणि त्यांच्या घराला लोक महामने म्हणत. त्या घरात चांभार, ढोर, परीट, नावाडी, गुराखी आणि ब्राह्मण एका पंक्तीला जेवत. बसवण्णांच्या वाटेनं जाणाऱ्या या सगळ्यांना शरण म्हणत.

1167 च्या सुमारास ते घर संपलं. हरळय्या नावाच्या चांभार शरणाच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी लागलं आणि राज्यात आग पेटली. परंपरा सांगते की दोन्ही व्याह्यांना हत्तीच्या पायाला बांधून ओढत नेऊन मारलं. पुढे बिज्जळाचाही खून झाला, सैन्य शरणांच्या मागे लागलं आणि जो तो वाट फुटेल तिकडे निघाला. बसवण्णांची बहीण अक्का नागम्मा आणि तिचा तरुण मुलगा चन्नबसवण्णा यांच्यासोबत एक मोठा जथा पश्चिमेकडे आला. शरणांनी रचलेल्या वचनांच्या ताडपत्रांचे गठ्ठे त्यांनी बरोबर घेतले होते. खानापूर तालुक्यात कक्केरी हे गाव आहे. सैन्याला अडवून धरताना ढोर कक्कय्या तिथे पडला, अशी त्या गावाची आठवण आहे. उरलेले सह्याद्रीच्या रानात शिरले ते उळवीला थांबले. चन्नबसवण्णांची समाधी तिथेच आहे.

राहतं गाव आणि डोक्यावरचं छप्पर गमावलेल्या माणसांनी रात्र काढण्यासाठी एक गुहा धरली आणि तिला उद्ध्वस्त झालेल्या घराचं नाव दिलं, अशी ही परंपरा. त्या घराचा धर्मही त्यांनी सोबत आणला. त्याला दासोह म्हणतात. स्वतःच्या कष्टातून जे येईल ते सगळ्यांसमोर मांडायचं, आणि ते मांडताना देणाऱ्यानं स्वतःला दास समजायचं. उळवीत आजही दासोह चालतो. माघ पौर्णिमेच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडचे शेतकरी सजवलेल्या बैलगाड्यांची रांग लावून येतात. मुक्काम करत, वाटेवर चुली मांडत, दांडेलीचं रान ओलांडून ते उळवीला पोचतात. वाटेवरच्या गावांतली माणसं त्यांना पाणी देतात, जेवू घालतात, बैलांना वैरण टाकतात.

दान आणि दासोह यांतला फरक शरणांच्या एका गोष्टीत फार स्वच्छ दिसतो. आयदक्की मारय्या नावाचा एक शरण होता. रस्त्यावर, बाजारात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणं हेच त्याचं काम. त्यातून तो आणि बायको लक्कम्मा वाटसरूंना जेवू घालत. एक दिवस मारय्यानं नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले. लक्कम्मानं विचारलं, आजच्यापुरते पुरेसे असताना हे जादा कशाला? आणि त्याला ते परत टाकून यायला पाठवलं. मला ही गोष्ट जगातल्या कुठल्याही अर्थशास्त्राइतकी थोर वाटते. दारी आलेल्याला जेवू घालायला कोठार लागत नाही, रोजचा नेम लागतो, हे त्या बाईला कळलं होतं. ज्यांच्या घरी उद्याचा दाणा नाही अशा दोघांच्या दारात लोक जेवून जात, हे त्या काळच्या कल्याणमध्ये रोज घडत होतं.

दुसरी गोष्ट जंगमाची. शरणांनी दगडी देवळापेक्षा चालत्या-फिरत्या माणसाला, म्हणजे जंगमाला, वरचं स्थान दिलं. एका जागी उभं केलेलं ते आज ना उद्या पडणार, फिरतं ते टिकणार, हा बसवण्णांचा विचार कर्नाटकात शाळकरी मुलांनाही माहीत असतो. पण तो जरा पुढे नेऊन पाहा. घरदार नसलेला, आज या गावात तर उद्या त्या गावात असलेला माणूस हाच ज्या धर्मात देवाचं रूप ठरतो, त्या धर्मात बेघराकडे पाहायची नजरच पालटते. तो दारात उभा राहतो तेव्हा उपकार त्याचा असतो. आपल्याकडे साधारणपणे याच्या उलट धरलं जातं.

आता जोयडा तालुक्यातल्याच आणखी एका बेघर होण्याकडे वळतो. जोयडा हे तालुक्याचं मूळ ठाणं नव्हे. ते होतं सुपा, काळी आणि पांढरी नदीच्या संगमावर. काळी नदीवर गणेशगुडीजवळ शंभर मीटरहून उंच धरण उभं राहिलं, 1987 मध्ये पुरं झालं आणि सुपा पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि बरीच कुटुंबं रामनगरला वसवली गेली. रामनगरच्या बाजारात आज मराठी, कोकणी आणि कन्नड एकाच वाक्यात ऐकू येतात. बुडालेल्या गावाचा माणूस घर मिळालं तरी काही वर्षं मनानं उघड्यावरच असतो, हे या भागात राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

बेघर कोण, हे सरकारनंही ठरवलेलं आहे, आणि ती व्याख्या वाचण्यासारखी आहे. भारताची जनगणना बेघरांना एका रात्रीत मोजते. 2011 ची ती रात्र होती 28 फेब्रुवारीची. छप्पर असलेल्या इमारतीत न राहणारे, म्हणजे पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळ्यांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वे फलाटावर, देवळांच्या आवारात आणि मंडपात झोपलेले लोक त्या रात्री नोंदले गेले. आकडा आला 17 लाख 70 हजारांच्या वर, त्यांतले दोन लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. या क्षेत्रात काम करणारे बहुतेक जण हा आकडा फार कमी मानतात. एका रात्रीत, अंधारात, हुसकून लावलं जाईल या भीतीनं लपलेली माणसं किती सापडणार? पण माझं लक्ष त्या यादीतल्या देवळाच्या मंडपावर अडकतं. सरकारी व्याख्येत देऊळ हे बेघराचं एक निवासस्थान आहे! कुणी ठरवून केलेलं नसताना शेकडो वर्षं भारतातल्या बेघरांना पहिलं छप्पर मंडपानंच दिलं आहे.

मात्र या यादीत एक माणूस नीट बसत नाही. त्याचं गावी घर आहे, शेत आहे, रेशनकार्ड आहे. तरीही तो आज रात्री मुंबईत परळच्या पदपथावर प्लास्टिकच्या चादरीवर झोपला आहे. शेजारी बायको, उशाशी औषधांची पिशवी आणि क्ष-किरणांचा मोठा लिफाफा. तो गावात बेघर नाही, इथे आहे. त्याला बेघर कुणी केलं, याचा शोध घेतला तर तो आपल्याला थेट पॅरिसला, एका मेंढ्याकडे घेऊन जातो.

1920 च्या दशकात पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लॉद रेगो नावाचा शास्त्रज्ञ मेंढ्यांवर प्रयोग करत होता. किरणांनी मेंढ्याला निर्बीज करता येतं का, हे त्याला पाहायचं होतं. एकाच बैठकीत मोठा मारा केला तर वरची कातडी भाजून निघे, आणि तरीही काम होत नसे. मग त्यानं तोच मारा तुकड्यातुकड्यांनी, मधे दिवस सोडत दिला. मेंढा निर्बीज झाला आणि कातडी शाबूत राहिली. आत झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मेल्या, बाहेरच्या निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळाला. त्याच संस्थेतल्या आंरी कुतार या डॉक्टरनं हेच तत्त्व घशाच्या कर्करोगावर लावलं, आणि असे रुग्ण चाकूशिवाय बरे होऊ शकतात हे जगाला दिसलं.

कारण पेशीच्या पोटात आहे. किरण पेशीतल्या जनुकांचे धागे तोडतात. निरोगी पेशीकडे ते धागे पुन्हा जोडणारी यंत्रणा असते आणि ती बरीचशी दुरुस्ती काही तासांत उरकते. कर्करोगाच्या पेशीत ही यंत्रणा सहसा बिघडलेली असते. म्हणून रोज थोडा मारा, रात्रभर विसावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा मारा. निरोगी पेशी दर सकाळी बऱ्यापैकी सावरलेली असते, रोगट पेशी दर सकाळी आणखी खचलेली. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला असे तीस ते पस्तीस मारे लागतात, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सहा-सात आठवडे. रोजचा उपचार काही मिनिटांचा. त्यासाठी खाट लागत नाही, म्हणून रुग्णालय दाखल करून घेत नाही. ज्याचं घर शेजारच्या गल्लीत आहे तो घरी जातो. ज्याचं घर पाचशे किलोमीटरवर आहे, त्याला मधल्या रात्री काढायच्या असतात. सात आठवड्यांच्या एकोणपन्नास रात्री.

म्हणजे ज्या विसाव्यामुळे माणूस जगतो, तो विसावा घ्यायला त्याच्याकडे जागाच नसते. विज्ञानाचा इतका सुंदर शोध आणि त्याच्या पोटात दडलेला हा प्रश्न मला अजून विस्मयात टाकतो. परळचं टाटा रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या आसपासच्या पदपथांवर देशभरातून आलेली कुटुंबं किती काळ झोपत आली आहेत, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. उपचारानं तोंडात फोड येतात, अन्न गिळवत नाही, मऊ भात नाहीतर पेज लागते, स्वच्छ पाणी लागतं. पदपथावर यातलं काय मिळणार?

हा प्रश्न महाराष्ट्रात फार आधी ज्यानं ओळखला, तो माणूस स्वतः घर सोडून निघालेला होता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या नादानं लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तिथे गुरं राखणं, नांगर धरणं यात डेबूचं बालपण गेलं. 1 फेब्रुवारी 1905 ला त्यानं घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी, पुढे तिच्या जागी खराटा, आणि खाण्या-पिण्यासाठी मातीचं एक गाडगं. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते गावात शिरत तेव्हा आधी रस्ता झाडत. भाकर मागायच्या आधी लाकडं फोडत, गवत कापत, काही ना काही काम करत. फुकट खायचं नाही हा त्यांचा दंडक होता. स्वतःच्या कष्टातूनच खायचं आणि द्यायचं या शरणांच्या तत्त्वाशी हा विदर्भातला परीट सात-साडेसातशे वर्षांनी, शरणांचं साहित्य न वाचता, येऊन पोचला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

पंढरपूरच्या यात्रेत त्यांना एक गोष्ट दिसली. वारकऱ्यांसाठी तिथे धर्मशाळा पुष्कळ होत्या, जातीजातीच्या होत्या. पण महार, मांग, चांभार वारकऱ्याला त्यांत जागा नव्हती. तोच विठोबा, तीच दिंडी, आणि पाऊस आला की ही माणसं चंद्रभागेच्या वाळवंटात भिजत. छप्परं होती, दार नव्हतं. बाबांनी 1917 च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. ज्या संताला देवळाच्या पायरीपुढे जाऊ दिलं नाही त्याच्या नावानं, त्याच्याच जातभाईंना हक्काचं छप्पर. बाबा स्वतः पंढरपुरात असून देवळात जात नसत, बाहेर झाडत राहत. 1949 मध्ये त्यांनी ही इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. एका संतानं आपण उभारलेली वास्तू एका कायदेमंत्र्याच्या, आणि धर्माची चिकित्सा करणाऱ्या माणसाच्या, हवाली करावी, हा आपल्या इतिहासातला फार मोठा क्षण आहे. त्याबद्दल आपण जितकं बोलायला हवं तितकं बोलत नाही, असं माझं मत आहे.

पुढे नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर अशा ठिकाणी त्यांच्या धर्मशाळा, सदावर्तं, शाळा उभ्या राहिल्या. पैसा येई तो कीर्तनातून. बाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. कर्ज काढून सण करावा का? देवाला बोकड हवा असतो का? शिवाशीव कुणी सांगितली? हसत-हसत माणूस कोंडीत सापडे आणि शेवटी आपण होऊन देणगी देई. त्या पैशातला एक आणाही बाबांनी स्वतःसाठी वापरला नाही. आपला कुणी गुरू नाही आणि आपण कुणाचे गुरू नाही, असं ते सांगत. त्यामुळे धर्मशाळेत झोपणाऱ्यावर कुणाचा भक्त होण्याची सक्ती कधी आली नाही. श्रद्धेच्या पोटी केलेल्या सेवेवर एक रास्त आक्षेप नेहमी घेतला जातो, की भाकरीसोबत उपदेशही गिळावा लागतो. बाबांच्या धर्मशाळेत गिळायला भाकरीच होती. उपदेश कीर्तनाच्या मैदानात, तोही ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला.

आता मुंबई. सर जमशेटजी जीजीभाय या पारशी दानशूरानं मदत दिलेलं जे. जे. रुग्णालय 1845 पासून चालू होतं. शंभर वर्षं रुग्ण आत होते आणि त्यांची माणसं बाहेर. आत खाट, डॉक्टर, औषध सगळं. बाहेर विटांच्या चुली, उघड्यावरची अंघोळ आणि रात्री पोलिसांची काठी. बाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली ती 1954 मध्ये. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. यात्रेकरूसाठी धर्मशाळा ही आपल्याकडे जुनीच रीत. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. पण विसाव्या शतकातला यात्रेकरू रुग्णालयाच्या दारात येऊन बसला आहे, हे बाबांच्या नजरेनं टिपलं. शहरातल्या बड्या रुग्णालयाकडे निघालेलं खेड्यातलं कुटुंब हीच आपल्या काळातली सर्वांत मोठी वारी आहे, आणि तिच्या मुक्कामाची पुरेशी सोय अजून झालेली नाही.

बाबा 20 डिसेंबर 1956 रोजी गेले, बाबासाहेबांनंतर अवघ्या चौदा दिवसांनी. 1952 मध्ये स्थापन झालेलं मिशन आणि त्यांच्या नावाचे न्यास मागे राहिले. दादरला आज त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे, तिथे प्रामुख्यानं टाटा रुग्णालयातले रुग्ण आणि त्यांच्यासोबतची माणसं राहतात. नाममात्र दरात झोपायला जागा आणि जेवण, आणि दारात येऊन जेवण वाढून जाणारे शेकडो मुंबईकर. कुणी वडिलांच्या श्राद्धाला खर्च करण्याऐवजी एका वेळचं जेवण देतो, कुणी मुलाच्या वाढदिवसाला. तिथे कोल्हापूरचा, बिहारचा, बंगालचा माणूस शेजारी-शेजारी गादी टाकून असतो. एकाच्या मारा घेण्याच्या दिवशी दुसऱ्याची बायको त्याच्या पोराकडे बघते. शस्त्रक्रियेला घाबरलेल्याला, ती होऊन महिना झालेला माणूस शेजारीच भेटतो. कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात या शेजाराची नोंद औषध म्हणून नाही. पण उपचार अर्धवट टाकून गावी पळून जाणाऱ्याला थांबवायला त्याच्याइतकं उपयोगी काही नसावं.

हे सगळं जुळतं कुठे, याचा विचार करताना मला जोयड्याच्या पश्चिमेला, घाटाखाली, गोव्यात जावंसं वाटतं. पोर्तुगीज गोव्यात मिझेरिकॉर्दिया नावाचं बंधुमंडळ होतं. त्याची मूळ शाखा लिस्बनला 1498 मध्ये निघाली, वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच वर्षी. पाद्री नसलेल्या, संसारी ख्रिस्ती लोकांनी चालवलेलं हे मंडळ. करुणेची चौदा कामं हा त्यांचा नियम, त्यांतली सात शरीराची. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची सुटका, मेलेल्याला मूठमाती. आता गाडगेबाबांची दशसूत्री आठवा. तिच्यातही अन्न आहे, पाणी आहे, वस्त्र आहे, बेघराला आसरा आहे, रोग्याला औषध आहे. ज्याला बायबल वाचता येत नव्हतं आणि पोर्तुगीजांशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता, त्याची यादी जवळपास त्याच ओळीनं चालते! वेगळं आहे ते आणखी मोलाचं. बाबांच्या यादीत मेलेल्याच्या सोयीऐवजी जिवंताच्या पुढच्या आयुष्याची काळजी आहे: गरीब मुलांचं शिक्षण, बेकाराला काम, गरीब तरुण-तरुणींचं लग्न, मुक्या जनावरांना अभय, खचलेल्याला हिंमत. त्या काळच्या वऱ्हाडातल्या खेड्याला काय-काय हवं होतं, त्याचा हा ताळेबंदच आहे.

आणखी मागे गेलं की आश्चर्य वाढतं. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या सीझेरिया शहराबाहेर बेसिल नावाच्या बिशपनं वाटसरू, गरीब, कुष्ठरोगी आणि आजारी यांच्यासाठी एक वसाहतच उभारली. रुग्णालयाच्या इतिहासात तिचं नाव अगदी आरंभी येतं. म्हणजे आधी आसरा होता, मग त्याच्या आत एका कोपऱ्यात वैद्य बसला. युरोपातली कितीतरी जुनी रुग्णालयं अशीच निघाली: रात्र काढायला जागा, पोटाला गरम काही, आणि जमलं तर औषध. पुढे औषध शहाणं होत गेलं, यंत्रं आली, खाट महाग झाली, आणि आसरा दाराबाहेर गेला. पदपथावरचं कुटुंब हे त्या वाटणीत बाहेर राहिलेलं. जे. जे. च्या दारात धर्मशाळा बांधताना गाडगेबाबांनी सोळाशे वर्षांपूर्वीचं ते जुळं पुन्हा एकत्र आणलं.

सरकारनंही या बाबतीत पावलं उचलली आहेत, आणि ती महत्त्वाची आहेत. 2010 नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा, हे मान्य झालं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचा निकष ठरला: माणशी पन्नास चौरस फूट जागा. पाच फूट रुंद, दहा फूट लांब. निवारे झालेही, पण शहरांची गरज त्यांच्या कितीतरी पुढे आहे. आणि जिथे ते नीट चालतात तिथे बहुधा कुणी मठ, गुरुद्वारा, मिशन, एखादं भजनी मंडळ किंवा तरुणांचा गट रोज संध्याकाळी येऊन उभा राहतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर आठवा. पोळ्या लाटणारे हात रोज वेगळे, पण पोळ्या रोज. इमारत सरकार बांधू शकतं. रात्री दोन वाजता उलटी झालेल्या अनोळखी माणसाची गादी पुसायला जो उठतो, त्याला निविदा काढून आणता येत नाही. तो दासोहाच्या नेमातला असतो.

उत्तर कन्नड जिल्ह्याला हे सगळं फार जवळून लागू आहे. जोयडा हा क्षेत्रफळानं कर्नाटकातल्या मोठ्या तालुक्यांपैकी एक. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, बाकी बरंचसं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. कुणबी, गवळी, सिद्दी यांच्या वाड्या एकमेकींपासून मैलोन्‌मैल दूर. इथल्या माणसाला मोठा आजार झाला की त्याला जिल्हा ओलांडावा लागतो: बांबोळी, बेळगाव, हुबळी किंवा मणिपाल. म्हणूनच जिल्ह्यात सर्व सोयींचं मोठं रुग्णालय हवं ही मागणी लोक वर्षानुवर्षं करत आहेत. 2022 च्या जुलैमध्ये शिरूरच्या टोलनाक्यावर रुग्णवाहिका उलटून चार जण गेले, तेव्हा तर अख्खा जिल्हा या मागणीनं पेटून उठला होता.

ती मागणी पुरी व्हायलाच हवी. पण ती पुरी झाली तरी रात्रीचा प्रश्न संपत नाही. जिल्ह्यातलं रुग्णालय घाटमाथ्यावर झालं तर किनाऱ्याचा माणूस, किनाऱ्यावर झालं तर जोयड्यातल्या डिग्गीच्या रानातला कुणबी तिथे परगावचाच असणार. त्याच्या किरणांच्या माऱ्यालाही सात आठवडे लागणार. तेव्हा माझी मागणी अशी आहे की त्या रुग्णालयाचा पहिला नकाशा काढला जाईल तेव्हाच, तातडीच्या विभागाच्या शेजारी, दोनशे माणसांच्या धर्मशाळेची जागा आखली जावी. माणशी पन्नास चौरस फुटांच्या हिशोबानं झोपायला दहा हजार चौरस फूट, वर न्हाणीघरं, शौचालयं, आणि पेज शिजवता येईल असं एक सामाईक स्वयंपाकघर. आणि ती चालवायला द्यायची कुणाला, हे शोधायला लांब जावं लागणार नाही. दर माघ पौर्णिमेला वाटेवर चुली पेटवून अनोळखी माणसांना जेवू घालणारी गावं याच जिल्ह्यात आहेत, हल्याळ-दांडेलीच्या रस्त्याला लागून.